मसेनोतला शेवटचा रविवार, लिलाव आणि आमची कोंबडी

जय ख्रिस्त मंडळी! आमच्या नगरच्या चर्चचा गट केनियातल्या मसेनोला सेवेसाठी आला होता, आता परत निघालोय. नैरोबी एअरपोर्टवर बसून लिहितेय, मुंबईच्या फ्लाइटला अजून बराच वेळ आहे, म्हटलं कालचा दिवस ताजा आहे तोवर टाइप करून टाकू.

मसेनो म्हणजे किसुमूहून बुसियाच्या रस्त्याला पंचवीसेक किलोमीटरवरचं गाव. विषुववृत्त इथूनच जातं, पण घामाच्या धारा लागतील असं समजू नका, गाव उंचावर आहे, सकाळी चक्क स्वेटर लागतो. मिशनऱ्यांनी 1906 मध्ये काढलेली शाळा अजून जोरात चालू आहे. आपल्या नगरला अमेरिकन मिशन 1831 मध्ये आलं, म्हणजे या बाबतीत आम्ही सीनियर, हे मी तिथल्या व्हिकरना, म्हणजे चर्चच्या पाळकांना, सांगितलं तर ते म्हणाले मग यायला इतका उशीर का केलात!

इथलं चर्च अँग्लिकन आणि आपलं सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) पण त्याच कम्युनियनमधलं, म्हणजे जगभरच्या चर्चेसच्या त्याच परिवारातलं, त्यामुळे भाषा लुओ असली तरी कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे ते आपोआप कळतं. उपासना संपली आणि मला वाटलं आता भाषणं, हार, फोटो, झालं. पण सगळे बाहेर झाडाखाली जमले आणि लिलाव सुरू! ज्यांच्याकडे रोख नसते ते दानात अंडी, केळीचे घड, ऊस, अव्होकाडो आणतात आणि मग त्याचा लिलाव होतो. आपल्या हंगाम सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या सणाला, होतो ना, अगदी तस्साच, बोली वाढवायला ओरडणारा एक काका पण सेम. फरक एवढाच की पैसे एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून. हे त्यांच्याकडे 2007 पासून आहे, आपलं यूपीआय यायच्या कितीतरी आधी. खजिनदारबाई फोनवर मेसेज आला की नाव मोठ्याने वाचायच्या आणि टाळ्या.

त्यात एक तांबडी कोंबडी होती. पाय बांधलेले, नजर मात्र अशी की जणू तीच बोली लावतेय. एकाने घेतली, परत दान केली, दुसऱ्याने घेतली, परत दान, असं करत करत ती चार वेळा विकली गेली आणि शेवटच्या आजोबांनी ती उचलून थेट आमच्या पाळकसाहेबांच्या हातात दिली, "पाहुण्यांना". आता विमानात कोंबडी कशी न्यायची? आणि नाही म्हणणं तर शक्यच नाही. मग पाळकसाहेबांनी ती आम्हाला रोज जेवू घालणाऱ्या माउलीला दिली, तिने ती संध्याकाळी शिजवली आणि उगालीबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, आमच्याच पानात वाढली. म्हणजे फिरून खर्च त्यांचाच.

आणि हेच मला सांगायचंय. आपण घरून निघताना "सेवेला चाललो" म्हणून निघतो, चर्चमध्ये पुढे बोलावून प्रार्थना वगैरे होते. खरं बघितलं तर आम्ही केलं काय? जवळचं दिसायचे चष्मे घेऊन गेलो होतो, टेबल टाकून नंबर तपासले आणि वाटले, बस. पण त्यासाठी घरोघर जाऊन माणसं आणली मदर्स युनियनच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या महिला मंडळाच्या, बायांनी. नंबर पटकन कळावा म्हणून सुई-दोरा ठेवायचा ही आयडिया पण त्यांचीच. पलीकडे ओमेना, म्हणजे ते बोटाएवढे वाळवलेले मासे, विकणारी एक आजी आली होती, दीडच्या नंबरला दोरा ओवला जाईना, दोनचा लावल्यावर पहिल्या झटक्यात गेला, तर तिने सुई परतच दिली नाही, स्वतःच्या ओढणीला टोचून घेतली आणि चालू पडली :) काल दुपारी उरलेले चष्मे, वही, कपाटाची किल्ली सगळं त्या बायांकडे सोपवलं. त्यांनी एकेक नग मोजून घेतला, सही घेतली, आणि संपले की किसुमूच्या बाजारातून आणायचे हे आमच्यासमोरच ठरवून टाकलं. आमच्यावाचून काही अडणार नाहीये, आणि तसंच असायला हवं.

एक गोष्ट मात्र जड गेली. निघताना एक वडील बाजूला घेऊन मुलीच्या फीबद्दल बोलले. वैयक्तिक पैसे द्यायचे नाहीत, जे काय ते चर्चच्या कमिटीमार्फत, असं आमचं आधीच ठरलेलं. नियम बरोबरच आहे, नाहीतर जो आधी भेटेल त्यालाच मिळतं. पण तो नियम तोंडाने सांगताना घशात आवंढा आला. ते शांतपणे "एरोकामानो" म्हणजे धन्यवाद म्हणाले, त्याने तर अजूनच वाईट वाटलं.

लहान पोरांबरोबरचे सेल्फी टाकले नाहीत म्हणून घरून विचारणा चालू आहे. टाकणार नाही. आपल्या पोरांचे फोटो कोणी परदेशी येऊन असे टाकले तर आपल्याला चालेल का?

बाकी, मदर्स युनियनच्या दोघींना पुढच्या हंगाम सणाला नगरला बोलवायचं असं आम्ही किसुमूच्या वाटेवर गाडीतच ठरवलं आणि ग्रुपवर टाकलं. तिकिटाचे पैसे कुठून आणायचे यावर कमिटीत आत्तापासूनच खडाजंगी सुरू झालीये, माझा फोन सकाळपासून वाजतोय. मी लिहिलंय, लिलाव करा, कोंबडी मी देते.