रुडॉल्फ माउअर्सबर्गर यांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास : १९४५च्या मोटेटपर्यंतची वाटचाल

जर्मन वृंदगानाच्या श्रवणाचा जो क्रम मी आखला आहे, त्यात सध्या मी ड्रेस्डेनचे वृंदप्रमुख आणि रचनाकार रुडॉल्फ माउअर्सबर्गर यांच्यापाशी मुक्काम केला आहे आणि हा मुक्काम ठरवल्यापेक्षा बराच लांबला आहे. या टप्प्यात तीन गोष्टी हाती घेतल्या होत्या : त्यांच्या आयुष्याचा क्रम नीट लावणे, जुना रचनाकार श्युत्स याच्या संगीताची त्यांनी साठच्या दशकात केलेली ध्वनिमुद्रणे नोटेशन समोर ठेवून ऐकणे, आणि त्यांच्या १९४५च्या शोकमोटेटमधील (मोटेट म्हणजे धार्मिक वचनांवरची वृंदरचना) बास, म्हणजे सर्वांत खालचा आवाज, स्वतः गाता येईल इतका बसवणे. पहिल्या दोन पूर्ण झाल्या असून तिसरी बरीच पुढे सरकली आहे.

त्यांचा जन्म २९ जानेवारी १८८९ रोजी सॅक्सनीतील एर्त्सगेबिर्ग या डोंगराळ भागातल्या माउअर्सबर्ग नावाच्या खेड्यात झाला. लाइपझिगच्या संगीतशाळेतील शिक्षण, त्यानंतर आखेनमधील काही वर्षे आणि १९२५ ते १९३० या काळात आयझेनाखच्या सेंट जॉर्ज चर्चमधील काम हा त्यांचा तयारीचा काळ होय. याच चर्चमध्ये थोर रचनाकार बाखचा बाप्तिस्मा झाला होता आणि तिथे माउअर्सबर्गर यांनी बाखच्या नावाचा गायकवृंद उभा केला. १९३०मध्ये ते ड्रेस्डेनच्या क्रॉयत्सकोर या मुलांच्या वृंदाचे प्रमुख, म्हणजे क्रॉयत्सकांटोर, झाले आणि २२ फेब्रुवारी १९७१ रोजी मृत्यू येईपर्यंत त्याच पदावर राहिले.

हा चाळीस वर्षांचा सलग काळ मला फार महत्त्वाचा वाटतो. या वृंदात सोप्रानो आणि आल्टो हे उंच आवाज लहान मुले गातात, तर टेनर आणि बास हे खालचे आवाज त्याच शाळेतली मोठी मुले. आवाज फुटला की मुलगा काही काळ गप्प राहतो आणि मग खालच्या पट्टीत परत येतो. म्हणजे दर काही वर्षांनी अख्खा वृंद बदलतो, तरीही त्याचा नाद ओळखू येतो, कारण तो नाद ज्याच्या कानात आहे तो माणूस बदलत नाही. गायक पेटर श्रायर व टेओ आडाम आणि वृंदसंचालक कार्ल रिश्टर हे तिघेही याच वृंदात वाढले. श्रायर यांचा पुढचा टेनर ऐकताना शब्द कसा उच्चारायचा याचे जे भान जाणवते, त्याचे मूळ या शाळेत आहे असे माझे ठाम मत झाले आहे.

नाझी राजवटीचा काळ वगळून हे चरित्र सांगता येत नाही. १ मे १९३३ रोजी माउअर्सबर्गर पक्षाचे सदस्य झाले. १९३५ आणि १९३८मध्ये वृंदाने अमेरिकेचे दौरे केले, तेव्हा जर्मनीची प्रतिमा उजळण्यासाठी या मुलांचा उपयोग होत होता हे उघड आहे. दुसऱ्या बाजूने, वृंदाचा गाभा चर्चसंगीतच राहिला. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवूनच मी त्यांच्याकडे पाहतो.

१३ फेब्रुवारी १९४५च्या रात्री ड्रेस्डेनवर बॉम्बवर्षाव झाला. क्रॉयत्सकिर्शे हे त्यांचे चर्च आतून जळून गेले, शाळा उद्ध्वस्त झाली आणि वृंदातली अकरा मुले मारली गेली. त्या वर्षी ईस्टर १ एप्रिलला होता. त्याआधीच्या गुड फ्रायडेला आणि पवित्र शनिवारी माउअर्सबर्गर यांनी बायबलमधील विलापगीत या ग्रंथातली वचने निवडून, आपल्या क्रमाने जोडून, ‘वी लीग्ट दी श्टाट झो व्यूस्ट’ हे वाद्यसाथीविना गायचे मोटेट लिहिले. लोकांनी गजबजलेले नगर किती ओसाड पडले आहे, हा त्याच्या पहिल्या ओळीचा आशय. ४ ऑगस्ट १९४५ रोजी युद्धानंतरच्या पहिल्या वेस्पर, म्हणजे सायंकाळच्या, प्रार्थनेत, त्याच भग्न चर्चमध्ये, उरलेल्या मुलांनी ते प्रथम गायले.

नोटेशन घेऊन बसल्यावर लक्षात येते की ही वृंद रोज हाताळणाऱ्या माणसाची रचना आहे. आवाज चार भागांपासून सातांपर्यंत वाढतात, पण कोणत्याही एका भागावर मुलांच्या ताकदीबाहेरचा भार पडत नाही. सुरुवात संथ आणि दबलेली आहे. उंचावरून हाडांत अग्नी धाडल्याचे वचन येते तिथे लय आणि जोर एकदम चढतो, आणि पुढे ‘वारुम’, म्हणजे ‘का’, हा प्रश्न पुन्हा पुन्हा उठतो. तिथे आवाज किती मोठा करायचा यापेक्षा प्रत्येक ‘वारुम’नंतरची शांतता किती धरायची हे अवघड आहे, आणि बहुतेक वृंद ती घाईने संपवतात. माझ्या सरावातला सर्वाधिक वेळ मात्र पहिल्याच ओळीने घेतला आहे. ‘श्टाट’ आणि ‘व्यूस्ट’ हे दोन्ही शब्द ‘ट’वर संपतात. तो ‘ट’ सगळ्यांनी एकाच क्षणी सोडला नाही, तर चर्चच्या घुमणाऱ्या अवकाशात खडे सांडल्यासारखा आवाज होतो. आता मी ती ओळ स्वराशिवाय, नुसत्या लयीत म्हणतो आणि मगच गातो. त्याचा स्पष्ट फायदा दिसत आहे.

श्युत्सच्या ध्वनिमुद्रणांबद्दल थोडक्यात सांगतो. हाइनरिश श्युत्स सतराव्या शतकात ड्रेस्डेनच्याच दरबारात होता आणि माउअर्सबर्गर यांनी त्याला वृंदाच्या नित्यपाठात आणले. आजच्या कानांना यातली लय काही ठिकाणी जड वाटेल, परंतु ‘मुझिकालिशे एक्सेक्वीएन’ या त्याच्या अंत्यविधीच्या रचनेमध्ये शब्द ज्या स्वच्छतेने पोहोचतो, ती मला नंतरच्या अनेक चपळ सादरीकरणांत सापडलेली नाही. १९७०मध्ये त्यांनी आणि लाइपझिगच्या टोमानर वृंदाचे प्रमुख असलेले त्यांचे धाकटे बंधू एर्हार्ड यांनी दोन्ही वृंद एकत्र आणून बाखच्या मॅथ्यू पॅशनचे, म्हणजे येशूच्या दुःखभोगाच्या कथेवरील रचनेचे, ध्वनिमुद्रण केले, त्यात श्रायर आणि आडाम एकलगायक आहेत. ते मी एकदा सलग ऐकले आहे. त्यावर सविस्तर लिहिण्याआधी त्यातले कोराल, म्हणजे वृंदाने गायची स्तोत्रे, नोटेशनसह पुन्हा ऐकायचे आहेत.

पुढचा टप्पा माउअर्सबर्गर यांच्याच ‘ड्रेस्डनर रेक्विएम’चा, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनारचनेचा, आहे. १९४८च्या सुमारास आकाराला आलेल्या आणि नंतर सुधारत नेलेल्या या रचनेत तीन वृंद आहेत : मुख्य, वेदीजवळचा आणि दूर उभा राहून गाणारा. आल्टोचा एकल भाग तेव्हा शाळेत असलेल्या श्रायरसाठी लिहिलेला होता. साध्या स्पीकरवर दूरचा वृंद जवळच्यात मिसळून जातो. म्हणून हे ऐकताना चांगले हेडफोन वापरणार आहे आणि तिन्ही वृंदांच्या प्रवेशांवर नोटेशनमध्ये वेगवेगळ्या रंगांच्या खुणा करायला सुरुवात केली आहे. मोटेटच्या बासचा सराव त्याच्या जोडीने चालू राहील. कोणाला टेनर किंवा आल्टो बसवायचा असेल, तर श्वास घेण्याच्या जागा आपण एकत्र ठरवून घेऊ.