छत्री नाही, तो बाक

गुरुवार, रात्रीचा दीड वाजून गेलाय

झोप येत नाहीये आणि त्याला कारण मीच. जेवण झाल्यावर "एकच एपिसोड बघते" म्हणून 'अनदर' लावलं आणि पाच बघून उठले. दुसऱ्यांदा बघतेय. २०१२ ची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, १२ भागांची, होस्टेलला असताना चौघी एका लॅपटॉपसमोर बसून बघितली होती आणि तेव्हा डोक्यात फक्त तो छत्रीचा सीन राहिला होता. (जिन्यावरून धावत सुटलेली मुलगी, पाय घसरतो, खाली छत्री. बास, पावसाळ्यात मला अजून आठवतो.)

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, मेलेला कोण ते सांगत नाही. योमियामा नावाचं गाव, १९९८ साल, शाळेतला ३-३ चा वर्ग, म्हणजे आपली नववी धरा. २६ वर्षांपूर्वी याच वर्गातलं मिसाकी नावाचं सगळ्यांचं लाडकं पोर गेलं, कुणालाच सहन होईना, मग ते आहेच असं धरून सगळे वागत राहिले, रिकाम्या बाकाशी गप्पा मारायचे, मास्तरसुद्धा सामील, आणि शेवटच्या फोटोत मिसाकी खरंच उमटलं. तेव्हापासून काही काही वर्षी या वर्गात एक मेलेलं माणूस येऊन बसतं, ते कोण हे कुणालाच कळत नाही, त्या मेलेल्यालाही नाही, आणि पोरं किंवा त्यांच्या घरचे मरायला लागतात. यावर वर्गाने काढलेला तोडगा काय, तर एक डोकं जास्त झालंय ना, मग एक जिवंत डोकं वजा करा. एका पोराला "तू नाहीस" म्हणायचं. वर्षभर. सर-मॅडमसकट.

यावर्षी ती पाळी मेईची, डाव्या डोळ्यावर पट्टी बांधणारी. पट्टीखाली बाहुलीचा काचेचा डोळा आहे आणि त्याने तिला मरण दिसतं. म्हणजे जिच्याकडे कुणी बघायचं नाही तिलाच जास्त दिसतं, कळलं, कळलं. खरं सांगू का, मला ते बाहुल्यांचं प्रकरण जरा जास्तच वाटतं, दर पाच मिनिटांनी एक बाहुली टक लावून बघतेय. त्यापेक्षा मेईचा बाक बघा. सगळ्यांचे बाक एकसारखे आणि हिचाच जुनापुराणा, खरवडलेला, त्यावर कुणीतरी लिहून ठेवलंय, मेलेला कोण? यावेळी मी तिथे पॉज करून बसले.

कारण इथे कुणी तिला मारत नाही, शिव्या देत नाही, सगळे कसे शिस्तीत आणि सभ्यपणे वागतात, फक्त नजर तिच्यावरून अशी सरकते जशी खिडकीवरून. तिकडे शाळेत अशा वागण्याला 'शिकातो' म्हणतात. हानाफुदा म्हणून त्यांचे पत्ते असतात, त्यातल्या दहाव्या महिन्याच्या पानावर मान वळवून उभं असलेलं हरीण आहे, त्यावरून शब्द आला म्हणे. आणि गावाने माणूस तोडला की 'मुराहाचिबु', दहातले आठ व्यवहार बंद, आग लागली किंवा मयत झालं तरच मदतीला जायचं. आपल्याकडे वाळीत टाकतात तेव्हा मयतालाही येत नाहीत, कोकणातल्या बातम्या वाचल्यात की आपण, २०१६ ला कायदा करावा लागला त्यासाठी. तर जपानी लोक तेवढे दोन व्यवहार तरी शिल्लक ठेवतात.

मास्तर सामील होतात हे मला पूर्वी ओढूनताणून वाटायचं. मग १९८६ चं तोक्योचं प्रकरण वाचलं, वर्गाने एका जिवंत मुलाचं खोटं खोटं अंत्यसंस्कार केलं, बाकावर फुलं, श्रद्धांजलीचं कार्ड, आणि त्या कार्डावर चार शिक्षकांच्या सह्या. मुलाने नंतर जीव दिला.

आमच्या आठवीत एकीशी अख्ख्या वर्गाची कट्टी होती. का, ते आठवत नाही, खरंच नाही. आठवतं एवढंच की तपासलेल्या वह्या मागे पास करायच्या तेव्हा तिची वही तिच्या हातात द्यायची नाही, बाकाच्या कडेला ठेवायची आणि ती पडली तरी उचलायची नाही. मी ठेवायचे. ती "प्रेझेंट मॅडम" म्हणाली की मागून कुणीतरी हळूच "कोण?" म्हणायचं आणि मी हसायचे. शाप नव्हता, कुणी मरणार नव्हतं. त्या ३-३ वाल्यांकडे निदान कारण तरी होतं.

आत्ता शाळेच्या मैत्रिणीला व्हॉट्सॲप केलं, ती न्यू जर्सीला असते, तिच्याकडे दुपार. विचारलं, आठवते का ग ती? तर म्हणे, "अगं ती सातवीनंतर शाळा सोडून गेली ना? आठवीत नव्हतीच आपल्याबरोबर." ॲनिमेत असंच होतं, हजेरीपट बदलतो, आठवणी बदलतात, कुणाला काही खटकत नाही. क्षणभर मलाच वाटलं की मी दुसरंच काहीतरी आठवतेय.

मग उठून कपाटावरची बॅग काढली, धूळ, शिंका, आई आतून "काय करतेयस एवढ्या रात्री". आठवीचा ग्रुप फोटो सापडला. आहे ती. तिसऱ्या रांगेत, अगदी डाव्या टोकाला, दोन वेण्या. तिच्या शेजारी मी आहे, हे मी साफ विसरले होते. सगळे कॅमेऱ्यात बघतायत, मी उजवीकडे बघतेय.

फोटोचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवला. निळ्या टिका आल्यात. रिप्लाय नाही.