सहा वर्षं जहाज आलं नाही तेव्हा

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनला राहते म्हटलं, की देशातून आलेले पाहुणे हमखास विचारतात, "इथे स्वीडिश लोकांची वसाहत होती म्हणे? मग ते दिवसभर करायचे काय, जगायचे कशावर?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

ते जगले इथल्या मूळ रहिवासी लेनापी शेजाऱ्यांच्या मक्यावर आणि फिनिश लोकांच्या कुऱ्हाडीवर. 1638 मध्ये 'काल्मार निकेल' जहाज इथल्या खडकाळ किनाऱ्याला लागलं आणि फोर्ट क्रिस्टिना हा किल्ला बांधला गेला. वसाहत काढणाऱ्या स्वीडिश कंपनीला हवी होती बीव्हर या केसाळ प्राण्याची कातडी आणि तंबाखू. पोटाची सोय मात्र कायम अपुरी. मग लेनापींना कापड द्यायचं आणि मका घ्यायचा, अशी देवघेव बसली.

स्वीडनमध्ये जंगल जाळून शेती केली म्हणून काही फिनिश कुटुंबांना शिक्षा म्हणून इकडे धाडलं होतं. इथे तीच विद्या उपयोगी पडली. झाडं तोडायची, वाळू द्यायची, पेटवायची आणि त्या राखेत राय हे धान्य पेरायचं. आपल्या सह्याद्रीतली कुमरी शेती आठवा. घरंही कुऱ्हाडीचीच. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना खाच पाडायची, त्या खाचेत आडवा ओंडका बसवायचा, फटी मातीने लिंपायच्या. खिळ्याची गरजच नाही. जिथे लोखंड जहाजातून यायचं, तिथे ही केवढी मोठी सोय!

कारण 1648 नंतर थेट 1654 पर्यंत स्वीडनहून एकही जहाज पोचलं नाही. 1649 मध्ये निघालेलं एक पोर्तो रिकोजवळ फुटलं. 1653 मध्ये 22 जणांनी गव्हर्नर योहान प्रिंट्झकडे लेखी तक्रार केली: गिरणीत दळू देत नाही, जंगल वापरू देत नाही. प्रिंट्झने त्याला बंड ठरवून एकाला देहदंड दिला. उपाशी माणसांनी दळण मागितलं, त्याला बंड म्हणायचं? मला आजही संताप येतो. त्याच वर्षी तो स्वतः मायदेशी निघून गेला.

1655 मध्ये डचांनी वसाहत घेतली, पण बरीच कुटुंबं इथेच राहिली. पुढे पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन याला लेनापींशी बोलायला दुभाषा लागला, तेव्हा पुढे आला लार्स कॉक. त्याचा जन्म 1646 चा, याच वसाहतीतला.