फिस्कचे रूळ आणि हिरवा ठिपका

रविवारी सकाळी रिपन गावाजवळ पोचलो तेव्हा समोरच्या आकाशात मला अकरा विमानं दिसली. लेकीला चौदा दिसली. तिची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. म्हणून निघण्याआधीच ठरलं होतं की विमान मी चालवायचं आणि तिने फक्त बाहेर बघायचं. नकाशा नाही, फोन नाही, फोटो तर नाहीच.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉशला दर जुलैच्या शेवटी ‘एअरव्हेंचर’ हा विमानांचा मेळावा भरतो. भरवणारी संस्था ईएए, म्हणजे एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीजवळ ती सुरू केली, ती घरी विमानं बांधणाऱ्या मूठभर लोकांसाठी. १९७० पासून मेळावा ऑशकॉशलाच होतो. त्या आठवड्यात तिथे आणि आसपासच्या विमानतळांवर दहा हजारांच्या वर विमानं येतात. सोमवारी मेळावा सुरू होतो, म्हणजे रविवारी सगळ्यांनाच पोचायचं असतं.

आमचं विमान आरव्ही-९ए. दोन सीट शेजारीशेजारी, १६० अश्वशक्तीचं इंजिन, ॲल्युमिनियमचं अंग. गॅरेजमध्ये सात वर्षं बांधलं. अमेरिकेतल्या नियमानुसार निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतःच्या हाताने केलेलं असावं लागतं, म्हणून मी प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून वही ठेवली होती. त्या फोटोंत अर्ध्या ठिकाणी लेक आहे. शेपटीकडचा भाग टोकाला इतका अरुंद होतो की माझा खांदा आत जात नाही. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. कानांवर मफ लावून ती आत झोपायची आणि लोखंडाचा ठोकळा, म्हणजे बकिंग बार, रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळीच्या) टोकाला दाबून धरायची. बाहेरून मी रिव्हेट गन चालवायचो. पत्र्यामुळे एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. मी ओरडायचो, “धरलास?” ती म्हणायची, “मार.” मग अर्धा सेकंद गन, आणि आतून आवाज: “बसला.” नीट बसला नसेल तर “काढ” म्हणायची आणि मी निमूटपणे ड्रिल हातात घ्यायचो. असे हजारो रिव्हेट.

विमान उडायला लागल्यावरही तिला लगेच बसता आलं नाही. चाचणीच्या उड्डाणांत प्रवासी नेता येत नाही, आणि आमची ती उड्डाणं चाळीस तासांची होती. ते चाळीस तास तिने धावपट्टीच्या कुंपणाशी उभं राहून काढले.

ऑशकॉशला उतरायची पद्धत दर वर्षी एका जाडजूड नोटिशीत छापून येते. मी ती दोन महिने उशाशी ठेवली होती. वाचायला सोपी वाटते. रिपन गावावर या, उंची समुद्रसपाटीपासून १८०० फूट, वेग ९० नॉट्स (ताशी सुमारे १६७ किलोमीटर). तिथून ईशान्येला फिस्ककडे जाणारा रेल्वेमार्ग पकडा. पुढच्या विमानामागे अर्धा मैल अंतर ठेवा, एका ओळीत, शेजारी शेजारी नाही. रेडिओवर बोलू नका, फक्त ऐका. हे शेवटचं मला सगळ्यात अवघड गेलं. एरवी विमानतळाजवळ आलो की आपण कोण, कुठे, किती उंचीवर हे सांगायचं असतं. इथे शेकडो जण एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात. प्रत्येकाने तोंड उघडलं तर कुणाचंच ऐकू येणार नाही.

रूळ दिसले. झाडीतून जाणारी एक बारीक सरळ रेघ. समोर एक पांढरं हाय-विंग, म्हणजे वरून पंख असलेलं, विमान होतं, त्याच्या मागे आम्ही लागलो. थ्रॉटल बराच मागे घेतला, नाक किंचित वर आलं, काटा ९० वर बसला. जमीन हजारेक फूट खाली.

दोनच मिनिटांत लेक म्हणाली, “बाबा, ते मोठं होतंय.”

पांढऱ्या विमानाचा वेग उतरत होता. मी ८५ वर आलो, मग ८० वर. तरी अंतर कमी होत होतं. नोटिशीत स्पष्ट लिहिलंय की ओळीत नागमोडी वळणं घेऊन वेळ काढायचा नाही, कारण मागचा माणूस तुमच्यावर नजर ठेवून येत असतो. मागे कोण आहे ते मला दिसत नव्हतं. ती सीटवर वळून मागे बघत होती. “पिवळं आहे. जवळ आहे. आपण हळू झालो तसं तेही जवळ आलंय.”

१२०.७ या फ्रिक्वेन्सीवर फिस्कच्या कंट्रोलरचा आवाज आला, शांत आणि भराभर. पांढरं हाय-विंग, त्यामागचं लाल लो-विंग, त्यामागचं पिवळं, तिघांनी ओळ सोडा आणि रिपनला जाऊन पुन्हा या. लाल लो-विंग, खाली पंख असलेलं, म्हणजे आम्ही. मी थ्रॉटल पुढे केला, उजवीकडे मोकळं आहे असं लेकीने सांगितलं, आणि वळलो. मनात राग अजिबात नव्हता. पांढऱ्या विमानात काय अडचण होती कोण जाणे. सुटल्यासारखं मात्र वाटलं. ती दोन मिनिटं मला मुळीच आवडली नव्हती, आणि खाली बसलेल्या त्या माणसाला ते माझ्या आधी कळलं होतं.

फिस्कचे कंट्रोलर एका लहानशा उंचवट्यावर बसतात. ना बुरूज, ना रडारचा पडदा. दुर्बीण आणि डोळे. विमानाचा नंबर त्यांना वाचता येत नाही, म्हणून रंग आणि पंखांवरून हाक मारतात. उत्तर पंखांनीच द्यायचं.

दुसऱ्या खेपेला पुढे एक निळं बाय-प्लेन, म्हणजे एकावर एक दोन पंखांचं विमान, होतं आणि ते ९० वर खिळल्यासारखं उडत होतं. त्या वैमानिकाचे मी मनातल्या मनात आभार मानले. रिपन ते फिस्क ही सहा-सात मिनिटं मी त्या निळ्या ठिपक्याशिवाय जगात दुसरं काही पाहिलं नाही.

“रेड लो-विंग, रॉक युअर विंग्ज!”

मी स्टिक डावी-उजवी केली, जरा जोरातच. पंख डुलले. “गुड रॉक!” आणि पुढची सूचना: फिस्क ॲव्हेन्यूवरून पूर्वेला जा, धावपट्टी ३६, टॉवर १२६.६ वर ऐका. दोन शब्दांची ती शाबासकी ऐकून लेकीने माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि लगेच पुन्हा बाहेर बघायला लागली.

धावपट्टीवर मोठाले रंगीत ठिपके रंगवलेले असतात. एकाच पट्टीवर, एकाच वेळी, वेगवेगळ्या ठिपक्यांवर विमानं उतरतात. आम्हाला हिरवा मिळाला. निळं बाय-प्लेन अलीकडच्या ठिपक्यावर टेकत होतं आणि आम्हाला त्याच्या वरून पुढे जायचं होतं. आतापर्यंत शिकलेलं सगळं सांगत होतं की पुढे विमान आहे, उतरू नकोस, वर जा. टॉवर म्हणत होता, “रेड लो-विंग, हिरव्यापर्यंत तरंगत राहा.” थोडी पॉवर लावून धरली. बाय-प्लेन डाव्या पंखाखालून मागे गेलं. हिरवा गोल नाकाखाली सरकला. पॉवर काढली.

चाकं टेकली. उजवीकडून शब्द आला, “बसलं.”

हा विमानतळ स्टीव्ह विटमन यांच्या नावाचा आहे. १९३१ ते १९६९ ते इथले व्यवस्थापक होते. शर्यती जिंकायचे आणि स्वतःची विमानंही बांधायचे. आमच्या विमानाचे पाय म्हणजे निमुळते होत जाणारे पोलादी गज, ही त्यांचीच कल्पना. पाय बसवताना मी तिला हे सांगितलं होतं. त्या पायांवर त्यांच्याच धावपट्टीवरून आम्ही गवतात वळलो, तेव्हा तिला ते आठवत होतं.

काचेत लावलेला ‘एचबीसी’ (होमबिल्ट कॅम्पिंग) लिहिलेला कागद बघून स्वयंसेवक झेंडे दाखवत आम्हाला घरगुती विमानांच्या तळाकडे नेत गेले. इंजिन बंद केल्यावर कानात गुणगुण राहिली. पंख दोरांनी खुंट्यांना बांधत होतो तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले. “हॅलो”सुद्धा न म्हणता त्यांनी शेपटीच्या पत्र्यावरून तळहात फिरवत नेला. रिव्हेटच्या ओळीवरून हात सरकत गेला आणि एका ठिकाणी थांबला. तिथे नखाएवढी चंद्रकोर उमटलेली आहे. रंगाखाली सहसा दिसत नाही, पण बोटाला लागते.

“ही कुणाची?” त्यांनी विचारलं.

“माझी,” लेक म्हणाली. “बार निसटला आणि गन सरकली. मी बारा वर्षांची होते.”

त्यांनी मान डोलावली. म्हणाले, माझ्या विमानावर अशा तीन आहेत, ते पाच ओळी सोडून उभं आहे, येतेस बघायला? तिने माझ्याकडे बघितलं. हातातला दोर मी तिच्याकडून घेतला आणि ती त्यांच्याबरोबर गेली.