पुण्याहून लडाख : पाच महिने आरसीचे, एकवीस दिवस रस्त्याचे

स्वतःच्या गाडीने लडाखला जाऊन आलो असे सांगितले की माणसे पहिला प्रश्न विचारतात तो विरळ हवेचा. आमची दमछाक झाली ती समुद्रसपाटीपासून जेमतेम ५६० मीटर उंचीवर, म्हणजे पुण्यातच, एका बँकेच्या पहिल्या मजल्यावर. लडाखचे रस्ते, घाट, मुक्काम यांविषयी माहिती भरपूर मिळते. गाडी कोणाच्या नावावर आहे या साध्या प्रश्नापायी एका कुटुंबाचे पाच महिने कसे जातात, हे मात्र मला कोणी आधी सांगितले नव्हते. म्हणून हे लिहीत आहे.

२०२४ च्या संक्रांतीला बेत ठरला. यजमान, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि मी, अशी चार माणसे. महाराष्ट्रातल्या शाळा १५ जूनला उघडतात, त्यामुळे मेच्या अखेरीस निघून त्याआधी परतायचे, जाताना श्रीनगर-कारगिलमार्गे आणि येताना मनालीमार्गे यायचे, एवढे पहिल्याच संध्याकाळी नक्की झाले. अडचण दुसऱ्या दिवशी लक्षात आली. लडाखमध्ये बाहेरून भाड्याने आणलेल्या गाड्या फिरवण्यास स्थानिक टॅक्सीचालकांचा सक्त विरोध आहे, आणि खासगी पाटीच्या गाड्याही चोरून भाड्याने दिल्या जात असल्यामुळे ते वाटेत आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणीपत्र, पाहतात. गाडी चालवणाऱ्याच्या किंवा त्याच्या घरच्याच कोणाच्या नावावर असावी लागते. यजमानांची गाडी कंपनीने भाडेकरारावर दिलेली, तिच्या आरसीवर तिसऱ्याच कंपनीचे नाव. उरली ती बाबांची २०१५ सालची पेट्रोल गाडी. बाबा ऑक्टोबर २०२३ मध्ये गेले होते आणि गाडी माझ्या दारात उभी होती, परंतु कागदोपत्री ती अजून त्यांचीच होती. मुलीने बापाची गाडी चालवणे तिथे कदाचित चालूनही गेले असते; पण हयात नसलेल्या माणसाच्या नावाची आरसी घेऊन, दोन मुलांसह, घरापासून अडीच हजार किलोमीटरवर वाद घालत उभे राहण्याची माझी तयारी नव्हती.

येथेच एक गोष्ट सांगून ठेवते, कारण आम्ही ती चुकलो. गाडीचा मालक वारला तर ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला तसे कळवायचे असते. तसे कळवले तर वारसाला ३ महिने ती गाडी वापरता येते आणि त्या मुदतीत फॉर्म ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्यायची असते. तेराव्याच्या गडबडीत गाडीचे कोणाला सुचणार? आम्हाला सुचले ते जानेवारीत, मुदत उलटून गेल्यावर. त्याबद्दल विलंबशुल्क भरावे लागले आणि त्याविषयी माझी काही तक्रार नाही.

फॉर्म ३१ साठी मृत्यूचा दाखला, आई आणि नागपूरच्या दादाची संमतिपत्रे, नोटरी केलेली प्रतिज्ञापत्रे, विमा, पीयूसी असे सगळे महिनाभरात जमले. मग आरसी नीट वाचली. खाली एका ओळीत बँकेचे नाव होते. गाडीवर कर्जाचा बोजा होता. कर्ज तर बाबांनी नोव्हेंबर २०१९ मध्येच मुदतीपूर्वी फेडले होते. त्यांच्या निळ्या फायलीत कर्ज बाकी नसल्याचे बँकेचे पत्रही मिळाले. पण फॉर्म ३५ भरून आरसीवरचा बोजा उतरवायचा राहिला होता. ज्या माणसाने १९८२ पासूनची विजेची बिले तारीखवार लावून ठेवली, त्याने नेमके हेच काम का सोडले असेल, हा प्रश्न मी पुढचे तीन महिने बँकेच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून स्वतःला विचारत होते.

बँकेत पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटले होते की अर्ध्या तासाचे काम आहे. खिडकीवरच्या बाईंनी पत्र पाहिले, खाते क्रमांक टाकला, पुन्हा टाकला आणि म्हणाल्या, "हे खाते सिस्टिममध्ये दिसतच नाही." त्याचे कारण होते. १ एप्रिल २०२० रोजी सार्वजनिक क्षेत्रातील दहा बँकांच्या चार बँका झाल्या, त्यांत बाबांची बँक दुसरीत विलीन झाली, आणि त्याआधीच बंद झालेली खाती नव्या प्रणालीत सरसकट आली नव्हती. माझ्या हातातले पत्र आता अस्तित्वात नसलेल्या बँकेचे होते, त्यावरचा शिक्का कोणाकडेच नव्हता आणि आरसीवरही तेच जुने नाव होते. पत्र खरे आहे हे त्यांना मान्य होते, पण त्याच्या आधारे नवा फॉर्म ३५ देण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी मला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कर्ज विभागात पाठवले. तेथील साहेबांनी फाइल उघडण्यापूर्वीच सांगितले, "मूळ शाखेचे पत्र आणा." मूळ शाखा विलीनीकरणानंतर शेजारच्या शाखेत सामावली गेली होती, म्हणजे मी जिथून आले होते तिथेच.

तिसऱ्या फेरीला मी बाबांचे पासबुक नेले, चौथ्या फेरीला आईला. आईला नेण्याचा उपयोग इतकाच झाला की तिला बसायला गादीची खुर्ची मिळाली. त्या दिवशी नवीनच मागणी निघाली: कर्जदार हयात नसल्यामुळे न्यायालयाचा वारस दाखला हवा. मी विचारले की खात्यात एक रुपया येणे नाही, एक रुपया देणे नाही, मग वारसाला द्यायचे तरी काय आहे? त्यावर साहेब म्हणाले, "मॅडम, नियम आहे." नियम दाखवा म्हटल्यावर ते चहाला गेले. आई पर्स मांडीवर घेऊन शांतपणे बसली होती. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाली की तुझ्या बाबांनी असा आवाज कधी चढवला नसता. ते खरे होते आणि त्या क्षणी मला मुळीच ऐकायचे नव्हते.

अखेर ज्याने काम हलले ते सांगते. तोंडी बोलणे मी बंद केले. १२ मार्चला एक पानाचा अर्ज लिहिला, त्यात प्रत्येक फेरीची तारीख आणि त्या दिवशी मिळालेले उत्तर एवढेच घातले, सोबत जुन्या पत्राची आणि पासबुकाची प्रत जोडली, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. शेवटच्या ओळीत ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करीन, असे नम्रपणे लिहिले. तोवर मला मॅडम म्हणणारे सगळे ताई म्हणू लागले. रिझर्व्ह बँकेचे १३ सप्टेंबर २०२३ चे एक परिपत्रक आहे, त्यानुसार कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत बँकेने कागदपत्रे परत करून बोजा काढायचा असतो, तिच्यामुळे उशीर झाल्यास दिवसाला ५००० रुपये भरपाई द्यायची असते आणि कर्जदार वारल्यास वारसांना कागद कसे मिळतील याची पद्धतही ठरवून ठेवायची असते. ते १ डिसेंबर २०२३ पासूनच्या प्रकरणांना लागू आहे, त्यामुळे आमच्या २०१९ च्या कर्जाला त्याचा आधार नव्हता. ज्यांचे कर्ज आता फिटते आहे त्यांनी मात्र ते छापून खिशात ठेवावे.

८ एप्रिलला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, बँकेचा फोन आला की जुन्या प्रणालीच्या संगणकावर खाते सापडले. सापडवणारा मुलगा नोकरीत नवा होता. जुना क्रमांक शोधण्याची वेगळी खिडकी आहे, असे तो सहज सांगून गेला आणि चार मिनिटांत उतारा छापून मोकळा झाला. त्या चार मिनिटांसाठी मी सहा फेऱ्या मारल्या होत्या. पुढे निम्मे कर्मचारी निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेले, कारण पुण्यात १३ मे रोजी लोकसभेचे मतदान होते, आणि फॉर्म ३५ हाती आला तो २६ एप्रिलला. घरी येऊन तो आरसीशी ताडून पाहिला, तर चेसिस क्रमांकातल्या ८ च्या जागी बी हे अक्षर टंकले होते. मी हसले की रडले ते आठवत नाही. दुरुस्त प्रत ७ मे रोजी मिळाली. यावरून एक सांगावेसे वाटते: बँकेत असतानाच, टेबल न सोडता, चेसिस आणि इंजिन क्रमांक अक्षर न् अक्षर बोट ठेवून वाचावेत, आणि सहीखाली अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा यांचा शिक्का आहे की नाही तेही पाहावे.

परिवहन कार्यालयाचे काम त्यामानाने सुरळीत झाले. ऑनलाइन अर्जाचा ओटीपी बाबांच्या मोबाइलवर गेला, आणि तो नंबर चालू होता. आई दर महिन्याला त्यांच्या सिमचे रिचार्ज करीत होती. उगाच पैसे घालवतेस म्हणून मी आणि दादा तिला दोनदा बोललो होतो. घरातले माणूस गेल्यावर त्याचा नंबर निदान वर्षभर बंद करू नये, हा माझा सर्वांना आग्रहाचा सल्ला आहे. चेसिस क्रमांकाची पेन्सिल-छाप मुलाने घेतली. गाडीच्या पत्र्यावरच्या कोरीव अंकांवर पांढरी चिकटपट्टी दाबून तो शिसपेन्सिल आडवी घासत गेला, आणि एकेक अंक काळ्यातून पांढरा उमटू लागला, तेव्हा त्यातला आठाचा आकडा आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिला. १७ मेला मंजुरी आली, २२ मेला कार्ड टपालाने आले. २३ तारखेला संध्याकाळी विमा माझ्या नावावर झाला. विम्याबाबत आमची चूक मोठी होती. मालक गेल्यावर पॉलिसी जास्तीत जास्त ३ महिने टिकते, आणि आम्ही जानेवारीत ती बाबांच्याच नावाने ऑनलाइन पुढे चालू करून निर्धास्त गाडी फिरवत होतो.

२४ मेच्या पहाटे निघालो. हा मजकूर प्रवासवर्णनाचा नाही, म्हणून तयारीच्या ज्या गोष्टी उपयोगी पडल्या तेवढ्याच लिहिते. मेच्या अखेरीस राजस्थानातून जाणार असाल तर दुपारी बारानंतर गाडी चालवू नका. २५ मे रोजी फलोदीत पारा ५० अंशांवर गेला तेव्हा आम्ही त्याच राज्यात होतो आणि रात्री अडीचला उठून निघत होतो. चढताना कारगिलला, म्हणजे सुमारे २७०० मीटरवर, एक रात्र राहिलो आणि ३५०० मीटरवरच्या लेहमध्ये पहिले दोन दिवस काहीही पाहिले नाही. मुलांना कंटाळा आला, डोकेदुखी मात्र कोणालाच झाली नाही. विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची की नाही ते आपल्या डॉक्टरांना विचारावे, विशेषतः सल्फाची अॅलर्जी असेल तर. परतताना मनालीच्या वाटेवरच्या सारचूला ४२९० मीटरवर मुक्काम करण्याऐवजी लेहहून पहाटे निघून थेट जिस्पाला उतरलो. ५३०० मीटरवरच्या तांग्लांग लासारख्या खिंडी एकाच दिवशी ओलांडाव्या लागतात, तो दिवस लांबलचक होतो, पण उंचीवर झोपण्यापेक्षा उंचीवरून जाणे पुष्कळ सोपे.

पेट्रोलच्या बाबतीत मला बाबांच्या वहीचा आधार मिळाला. गाडीच्या कप्प्यात एक लहान वही होती, तीत प्रत्येक वेळी पेट्रोल भरल्याची तारीख, लिटर आणि किलोमीटर लिहिलेले. सपाटीला लिटरमागे १४, महाबळेश्वरच्या घाटात १०. टाकी ४५ लिटरची. लेहजवळच्या कारूपासून जिस्पाच्या पुढच्या तांदीच्या पंपापर्यंतचे अंतर साडेतीनशेच्या आत आहे, म्हणजे घाटातला हिशेब धरला तरी पुरते. म्हणून सगळे सांगत असतानाही मी कॅन घेतला नाही, आणि तांदीला पोहोचलो तेव्हा टाकीत पाव भागाहून जास्त पेट्रोल होते. हे थोडे फुशारकीचे झाले, परंतु पाच महिन्यांत एवढी एकच गोष्ट माझ्या हिशेबाने घडली.

आरसी कोणी विचारली का, असे सगळे विचारतात. एकदाच. खारदुंग लाच्या वाटेवर दोन तरुणांनी गाडी थांबवली, मी छापील आरसी आणि लायसन्स काचेतून पुढे केले. तिथे मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे कागद हातात असलेला बरा. एकाने दोन्ही नावे पाहिली, "ठीक है, जाइए" म्हणाला. मी फॉर्म ३५ ची प्रतही काढून ठेवली होती, पण ती त्याला नको होती.

एक काम अजून राहिले आहे. फास्टॅग बाबांच्याच नावावर आणि त्यांच्याच नंबरवर आहे. त्यामुळे जाताना प्रत्येक टोलनाक्यावर कापलेल्या पैशांचा संदेश पुण्यात आईकडे जात असे, आणि आम्ही कळवण्याआधीच तिला कळे की आम्ही भरूच ओलांडले, उदयपूर ओलांडले. काश्मीरच्या पुढे टोल संपले. माझा आणि मुलांचा फोन तर त्याआधीच मुका झाला होता, कारण आपल्याकडची प्रीपेड सिमे जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाहीत. यजमानांच्या पोस्टपेडवरून रोज रात्री एक फोन करायचो. मनाली ओलांडल्यावर पहिल्या टोलनाक्यापासून दहा मिनिटेही पुढे गेलो नसू, तर आईचा फोन आला, "उतरलात ना खाली?" फास्टॅग माझ्या नावावर करण्याचा अर्ज भरून ठेवला आहे. तो द्यायला जायचे आहे.