दोन सुरांची घंटा

देवळातली घंटा टोलली की तिचा नाद बराच वेळ घुमत राहतो, आणि आपल्याला तो घुमाराच आवडतो. पण अशा घंटांवर एखादी चाल वाजवायची म्हटलं तर पंचाईत. पहिला सूर विरायच्या आत दुसरा त्यात येऊन मिसळणार, उरणार नुसता कल्लोळ.

प्राचीन चीनमधल्या ओताऱ्यांनी यावर काढलेल्या तोडग्यावर मी बेहद्द खूश आहे. त्यांनी घंटा गोल ठेवलीच नाही. तोंडाकडून पाहिली तर ती बदामासारखी, दोन्ही कडांना निमुळती. अशी घंटा वेळेत गप्प बसते. शिवाय एकाच घंटेतून दोन सूर निघतात: मधोमध ठोकलं तर एक, बाजूला ठोकलं तर दुसरा. दोघांमधलं अंतर साधारण सा ते ग एवढं, ग कधी शुद्ध तर कधी कोमल. आत लोलक नाही. वाजवायची ती बाहेरून, लाकडी मोगरीनं.

१९७८ साली हूपेइ प्रांतात झेंग या छोट्या राज्याचा अधिपती यी याची कबर खणली, तेव्हा अशा ६४ घंटा हाती आल्या. कुठला सूर कुठे निघतो, हे घंटांवरच कोरलेलं. चोवीसशे वर्षं पाणी भरलेल्या कबरीत काढूनही त्या वाजल्या! मात्र त्याच कबरीत २१ तरुण स्त्रियाही पुरलेल्या होत्या. हे कळल्यावर कौतुक करताना जीभ अडखळते.

त्या काळीही सगळेच काही माना डोलवत नव्हते. मोझी नावाचा विचारवंत तर चिडलाच होता. घंटा ओतायच्या म्हणजे प्रजेवर कर. आणि म्हाताऱ्यांच्या हातून त्या वाजायच्या नाहीत, म्हणजे ऐन उमेदीतले हात नांगर सोडून इथे यायचे. हिशेब चोख आहे, तरी मन घंटांकडेच ओढ घेतं.

यीच्या संचात पासष्टावी घंटाही आहे. ती शेजारच्या बलाढ्य चू राज्याच्या हुइ राजानं पाठवलेली. घडण वेगळी, मूळ संचाशी संबंध नाही, तरी खालच्या रांगेत ऐन मध्यभागी टांगलेली. बड्या पाहुण्यानं दिलेलं घड्याळ दिवाणखान्यात लावावंच लागतं, त्यातलाच प्रकार. पण तिच्यावर भेटीचं वर्ष कोरलंय, इसवी सनापूर्वी ४३३, आणि कबरीचा काळ ठरवताना अभ्यासकांना आधार मिळाला तो या आगंतुक घंटेचाच.