किनुनूची चढण आणि केळ्यांची सायकल

रवांडाच्या पश्चिम सीमेवर, किवू सरोवराच्या काठाने, रुबावूपासून रुसिझीपर्यंत २२७ किलोमीटरची ‘काँगो नाईल ट्रेल’ जाते. वरच्या डोंगररांगेच्या एका अंगाला पडलेले पाणी काँगो नदीला मिळते आणि दुसऱ्या अंगाचे नाईलला, त्यावरून हे नाव पडले. मी ती सायकलने केली. रुबावू ते किनुनू हा टप्पा सरोवर उजव्या हाताला ठेवून सुरळीत पार पडला. त्यानंतरचा किनुनू ते कारोंगी हा दिवस मात्र सविस्तर लिहून ठेवावा असा आहे.

सरोवराची पातळीच समुद्रसपाटीपासून सुमारे १,४६० मीटर असल्याने दम लवकर लागतो. पण खरा कस लागतो तो रस्त्याच्या आखणीमुळे. डोंगरातून सरोवराकडे धावणाऱ्या प्रत्येक ओढ्याने आपली दरी कोरलेली आहे, आणि कच्चा रस्ता अशा प्रत्येक दरीत उतरून पुढच्या सोंडेवर पुन्हा चढतो. हाकेच्या अंतरावर दिसणारे गाव गाठायला तास मोडतो, आणि एवढे चढूनही संध्याकाळी आपण पुन्हा पाण्याच्याच पातळीला येऊन ठेपतो.

एप्रिल हा तिथला मोठ्या पावसाचा महिना आणि कॉफीच्या हंगामाचाही. किनुनूच्या कॉफी धुण्याच्या केंद्रावर, कमरेइतक्या उंच जाळीदार बाकांवर वाळत घातलेल्या बिया बायका हाताने निवडत होत्या. मी सायकलवर पिशव्या बांधत असतानाच त्यांनी भराभर बाक झाकायला घेतले. आकाश मला तेव्हा स्वच्छच दिसत होते. पहिली चढण अर्धी होण्याआधी पावसाने गाठले.

कोकणातला जांभा पाणी पिऊन टाकतो, तर ही लाल माती चिकण असल्याने ते धरून ठेवते. चाक दोन-चार वेळा फिरले की मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चिखल ठासून बसायचा आणि चाक जागीच अडायचे. निलगिरीची काटकी मोडून मी तो खरवडायची, दहा पावले ढकलायची आणि पुन्हा खरवडायची. बुटांना चिखलाचे तळवे चढल्यामुळे पाय मागे सरकत होते. हलक्यातला हलका गिअरही तिथे काही कामाचा नव्हता.

रवांडात वस्ती इतकी दाट आहे की वाटेत एकटेपण मिळतच नाही. थांबले की मुलांचा घोळका जमायचा, रिकामी बाटली मागायचा आणि टक लावून बघत राहायचा. थकलेल्या माणसाला ते जड जाते, हे मान्य केले पाहिजे. त्या चढणीवर मात्र मागून एक प्रौढ गृहस्थ आणि एक मुलगा आले. त्यांची सायकल जुनी, लोखंडी, बिनगिअरची होती आणि कॅरियरवर हिरव्या केळ्यांचे घड हँडलच्याही वर येतील इतके रचलेले होते. त्यांनी ती दरडीला टेकवून ठेवली, न विचारता माझ्या सायकलीचे मागचे चाक उचलले, आणि “बुहोरो, बुहोरो” म्हणजे सावकाश, सावकाश, असे सांगत मला वळणापर्यंत वर नेले. मी पैसे पुढे केले, तेव्हा त्यांनी मान हलवून खाली आपल्या केळ्यांकडे बोट दाखवले.

मग आम्ही तिघे खाली उतरलो. गृहस्थांनी हँडल धरले आणि मुलाने व मी मागून रेटा दिला. केळ्यांना तळहात लावून, कोपर ताठ ठेवून, सगळा भार पायांवर घ्यायचा, हे मुलाने मला करून दाखवले. माझे सारे सामान त्या ओझ्यापुढे काहीच नव्हते, आणि तो भार ते रोज बाजारापर्यंत नेतात. पुढच्या दोन चढणींवरही आम्ही आळीपाळीने दोन्ही सायकली चढवल्या. फाट्यावर ते बाजाराकडे वळले. मी “मुराकोझे” म्हणून त्यांचे आभार मानले. केळीच्या चिकाचे काळे डाग माझ्या बाहीवर आजही आहेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये किगालीत रोड सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि आफ्रिका खंडात ती प्रथमच भरली. त्या निमित्ताने रवांडाच्या डोंगरांचे कौतुक सर्वत्र झाले, याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही या डोंगरांत सायकल हे आधी ओझ्याचे वाहन आहे, आणि चढणीवर एकमेकांना रेटा देणे हा तिथला रोजचा व्यवहार आहे. स्थानिकांना पैसे देऊ नका, असा सल्ला मला निघण्यापूर्वी अनेकांनी दिला होता. त्यांचे ओझे ढकलायला हात लावा, असे मात्र एकानेही सांगितले नाही, याची मला खंत वाटते.

कारोंगीला पोहोचले तेव्हा अंधार पडला होता. तळलेल्या सांबाझा, म्हणजे सरोवरातल्या बोटभर मासळीची ताटली संपवून मी झोपले. रुसिझीपर्यंतचे उरलेले अंतर वरच्या डांबरी रस्त्याने झाले. तो रस्ता उत्तम आहे, पण पावसाळ्यातही मी पुन्हा खालचीच वाट धरीन आणि निघण्यापूर्वी मडगार्ड काढून ठेवीन.